आवाजांची कोठी

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या घरी एक नवी वस्तू आली. दोन जाडजूड शब्दकोश शेजारी शेजारी उभे करावेत एवढाच तिचा आकार, रंग काळा, कान अगदी जवळ नेला तरच ऐकू येईल अशी बारीक घरघर. आमच्या सौभाग्यवतींनी तिच्याकडे पाहून एकच प्रश्न केला, "हिच्यावर रुमाल टाकायचा ना?" इंदूरच्या आमच्या घरात रेडिओ, पुढे टेपरेकॉर्डर आणि त्यानंतर दूरचित्रवाणी संच, या सर्वांवर क्रमाक्रमाने भरतकामाचे रुमाल पडत आलेले असल्याने प्रश्न रास्तच होता. उत्तर मात्र नकारार्थी द्यावे लागले. आतल्या चकत्या अहोरात्र फिरत असतात, त्या तापतात, आणि त्यांना वारा लागणे आवश्यक असते.

या वस्तूस नेटवर्क ड्राइव्ह असे म्हणतात. नाव परके असले तरी कल्पना आपल्या ओळखीची आहे. जुन्या वाड्यात चौकात एक रांजण असे. पाणी एकाच ठिकाणी, पण ज्याचा त्याचा तांब्या वेगळा. माजघरातून आलेला असो की माडीवरून उतरलेला, प्रत्येकजण तेथूनच पाणी घेई. ही पेटीही तशीच. तिच्यात दोन हार्ड डिस्क आणि एक लहानसा संगणक असतो. ती एका तारेने घरातल्या इंटरनेटच्या राउटरला जोडलेली असते, आणि मग घरातला कोणताही फोन, संगणक अथवा टीव्ही तिच्यातले गाणे, छायाचित्र वा चित्रफीत उघडू शकतो. पेनड्राइव्ह ज्याच्या खिशात त्याच्याच मालकीचा. ही पेटी सगळ्यांची. शिवाय परक्या कंपनीच्या कोठारात दरमहा भाडे भरून वस्तू ठेवाव्यात, त्याऐवजी आपली वस्तू आपल्याच छपराखाली राहते, हाही एक समाधानाचा भाग.

ठेवायचे होते ते काय? आमच्या वडिलांनी मागे ठेवलेल्या १४३ कॅसेटी, काही व्हीएचएस चित्रफिती आणि छायाचित्रांचे सात आल्बम. आमच्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांत कॅसेटीचे महत्त्व काय होते हे आजच्या मुलांना सांगून समजणे अवघड आहे. फिलिप्स कंपनीने ही वस्तू १९६३ साली प्रथम जगापुढे मांडली. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत ती खऱ्या अर्थाने पोचली ती सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात. तोवर नाट्यगीत ऐकायचे तर रात्री रेडिओचा काटा मुंबई केंद्रावर नेऊन खरखरीतून स्वर वेचावे लागत. मध्यम लहरींचे प्रक्षेपण अंधार पडल्यावरच दूरवर पोचते, त्यामुळे आमच्या घरचे संगीत हे नेहमी जेवणानंतरचे संगीत असे! कॅसेट आली आणि पुण्याहून येणारा प्रत्येक पाहुणा चितळ्यांच्या बाकरवडीबरोबर दोन कॅसेटीही आणू लागला.

पण विकतच्या गाण्यांसाठी एवढा खटाटोप करण्याचे कारण नव्हते. ती गाणी आज अन्यत्रही मिळतात. आमचा जीव गुंतला होता तो घरी भरलेल्या कॅसेटींत. हळदीकुंकवाचे उखाणे, बारशाचे पाळणे, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, आणि पत्रांऐवजी पाठवलेल्या 'बोलक्या' कॅसेटी. ज्यांना पत्र लिहिण्याचा कंटाळा अशा आमच्या काकांनी पुण्याहून अशा नऊ कॅसेटी पाठवल्या होत्या.

कॅसेटीवरून पेटीत आवाज नेण्याचे काम चिकाटीचे आहे, आणि त्याला आडवाट नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवण्यास नव्वद मिनिटेच लागतात. कित्येक दशके न हललेली फीत प्रथम एकदा पुढे आणि एकदा मागे अशी हळूच फिरवून घ्यावी लागते, नाहीतर थर एकमेकांना चिकटून ती ओढली जाण्याचे भय. यंत्रातला रबरी पट्टा सैल झाला असेल तर आजीचा आवाज आजोबांसारखा येतो. यंत्राचा माथा स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा लागतो. आणि हे सारे लवकर करणे भाग आहे, कारण फितीपेक्षाही ती वाजवणारी यंत्रे आधी संपतात. व्हीएचएसचेच पाहा: १९७६ साली जपानात ती बाजारात आली, आणि २०१६ च्या जुलैत फुनाई या जपानी कंपनीनेही तिची यंत्रे बनवणे थांबवले. त्यानंतर जगात कोणी नवे यंत्र बनवीत असल्याचे ऐकिवात नाही.

आवाज कोणत्या रूपात ठेवावा यावर आमच्या पुतण्याशी चार दिवस चर्चा झाली. एमपी-थ्री हे रूप आटोपशीर खरे. परंतु कानाच्या सहसा लक्षात येणार नाही असा भाग ते कायमचा टाकून देते. फ्लॅक नावाचे दुसरे रूप काहीही न टाकता आवाज दाबून बसवते. धोतराची घडी घालून ते ट्रंकेत ठेवणे निराळे आणि ट्रंकेत मावावे म्हणून ते कापणे निराळे. आम्ही घडीचा पक्ष घेतला. जागेची चिंता व्यर्थ ठरली. सुमारे १८० तासांचा आवाज, उत्तम प्रतीत उतरवूनही, घडी घातल्यावर शंभर गिगाबाइटांच्या आसपास बसला. पेटीत जागा होती चार हजार गिगाबाइटांची. तीन पिढ्यांचे बोलणे, गाणे, रडणे आणि भांडणे त्या पेटीच्या चाळिसाव्या हिश्श्यात सामावली, हे पाहून क्षणभर वाईटही वाटले.

नावे देण्याच्या कामात मात्र आमचा मास्तरी स्वभाव उपयोगी पडला. प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यानंतर प्रसंग आणि स्थळ, असा क्रम ठेवला, म्हणजे यादी आपोआप कालानुक्रमे लागते. नावे देवनागरीतच लिहिली. आमच्या कार्यालयात वर्षानुवर्षे कृतिदेव अक्षरांत पत्रे टंकली गेली; तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच पत्रे निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन बसतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. युनिकोडमधल्या देवनागरीस ती बाधा नाही. शाळेतल्या दाखल-खारिज रजिस्टरासारखे एक रजिस्टरही आखले: क्रमांक, तारीख, प्रसंग, कोणाचा आवाज, कोणी ओळखला.

या शेवटच्या दोन रकान्यांशी आल्यावर पेटीची विद्या संपते. ती आवाज जपते, पण तो कोणाचा हे तिला ठाऊक नसते. आमच्या घरात ते सांगू शकेल अशी एकच व्यक्ती उरली आहे, ती म्हणजे आमच्या आत्या. वय ८४. दृष्टी अधू झाली आहे, परंतु कान शाबूत. दर रविवारी दुपारी आम्ही त्यांना रिक्षाने घेऊन येतो. त्या खुर्चीवर बसतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "हं, लाव."

१९८३ च्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची कॅसेट लावली. चौदा बायकांचे उखाणे. आत्यांनी अकरा ओळखल्या. दोघी तर उखाणा सुरू होण्यापूर्वीच, नुसत्या खाकरण्यावरून. एका कॅसेटीवर 'नाट्यगीते' असे वडिलांच्या अक्षरात लिहिलेले होते. गाणी संपली, यंत्र मात्र चालूच राहिले असावे. पुतण्या म्हणाला, "काका, पुढे नुसता गोंगाट आहे, कापून टाकू?" आम्ही म्हटले, कापू नकोस, फीत संपेपर्यंत चालू दे. सहा मिनिटे भांडी, पाखरे, सायकलची घंटा. आणि मग स्पष्ट, खणखणीत आवाज: "भैया, इतने में नहीं देना तो राहू दे, मी पुढच्या गाडीवरून घेईन!"

आमच्या मातोश्री १९९१ साली गेल्या. त्यांचा दुसरा कोणताही आवाज आमच्यापाशी नाही. गाण्याची त्यांना लाज वाटे, आणि यंत्रापुढे बस म्हटले की त्या स्वयंपाकघरात निघून जात. पुतण्याच्या मुलीने विचारले, "पणजी हिंदी बोलतेय की मराठी?" आत्या डोळे न उघडता म्हणाल्या, "इंदूरचं बोलतेय."

आता अशा पेटीतल्या एका नाजूक बाबीविषयी लिहितो, कारण ज्यांच्या घरी ती येईल त्यांच्यापुढे केव्हा ना केव्हा ही बाब उभी राहणारच. काकांच्या नऊ कॅसेटींपैकी शेवटची १९८६ सालची. पहिली दहा मिनिटे क्षेमकुशल, पुण्याचा पाऊस, आणि काकांनी स्वतः म्हटलेले एक भजन. त्यानंतर त्यांचा सूर बदलतो. आमचा जुना वाडा विकण्याचा विषय निघतो आणि पुढची पंचवीस मिनिटे वडील भाऊ धाकट्या भावाला जे बोलतो ते येथे लिहिण्याजोगे नाही. आमच्या वडिलांनी ती कॅसेट तीस वर्षे जपली, पण तिच्याविषयी घरात कधी अवाक्षर काढले नाही. आता दोघेही हयात नाहीत. पेटी तर सगळ्यांची. पुण्याचा आमचा चुलतभाऊ, त्याची मुले, आमची मुले, उद्या कोणीही ते ऐकेल.

आमचे धाकटे बंधू म्हणाले, पुसून टाक. पुतणा म्हणाला, इतिहास आहे, राहू दे. आम्हांस दोन्ही पटेनात. पुसण्याचा अधिकार आपला नाही, आणि उघड्यावर मांडण्याचाही नाही. आत्यांना विचारले तर त्या बराच वेळ गप्प बसल्या. दोघेही त्यांचे सख्खे भाऊ. शेवटी म्हणाल्या, "ज्याच्या बापाचा आवाज आहे त्याला आधी ऐकव."

आम्ही ती फीत चुलतभावाकडे एकट्याकडे पाठवली. तीन दिवस काही उत्तर आले नाही. चौथ्या रात्री फोन आला. "दादा, बाबांचं भजन मी सोळा वर्षांनी ऐकलं," एवढे बोलून तो थांबला. मग म्हणाला, "पहिली दहा मिनिटं सगळ्यांना ऐकू दे. बाकीचं आपल्या दोघांत असू दे. पण पुसू नकोस." पेटीत प्रत्येक माणसाचे स्वतंत्र खाते करता येते आणि कोणता फोल्डर कोणास दिसावा हे ठरवता येते. त्याप्रमाणे दहा मिनिटांची प्रत सर्वांच्या फोल्डरमध्ये गेली आणि मूळ फीत दोन किल्ल्यांच्या कुलपात. वाड्याच्या विक्रीनंतर आमच्या दोन घरांत जे बोलणे झाले नव्हते त्यातले थोडे त्या फोनवर झाले. वाड्याविषयी अजून आमचे एकमत नाही. त्याच्या मते त्याचे वडील बरोबर होते.

सुरक्षिततेविषयी चार शब्द. पेटीत दोन डिस्क असल्या की एकीवर लिहिलेले दुसरीवरही तत्काळ उमटते. एक बिघडली तर दुसरी काम निभावते. यावर पुष्कळजण निश्चिंत होतात. परंतु घरातल्या नातवाने चुकून फोल्डर पुसला तर तो दोन्हीवरून एकदमच पुसला जातो, आणि चोरी, आग, विजेचा झटका यांपुढे दोन्ही डिस्क एकाच पेटीतल्या. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला एक नियम आहे: प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी. आमची एक प्रत पेटीत, दुसरी कपाटातल्या सुट्या डिस्कवर, आणि तिसरी, वाड्याचे भांडण विसरून म्हणा की स्मरून म्हणा, पुण्याला चुलतभावाकडे. पेटीस बाहेरच्या इंटरनेटचा दरवाजा आम्ही उघडा ठेवलेला नाही. अशा उघड्या दरवाज्यातून शिरून फायली कुलूपबंद करणारे आणि खंडणी मागणारे प्रोग्राम पुष्कळ आहेत. वीज गेल्यावर डिस्क दगावू नये म्हणून एक यूपीएस घेतला. परवलीचे शब्द एका कागदावर लिहून विम्याच्या कागदांच्या फाइलीत ठेवले आणि ते कोठे आहेत हे सौभाग्यवतींना आणि पुतण्याला दाखवून ठेवले. मूळ कॅसेटी फेकल्या नाहीत. त्या कोरड्या जागी, कडुनिंबाचा पाला घातलेल्या ट्रंकेत आहेत.

पेटीत 'अनोळखी' नावाचा एक फोल्डर आहे. ज्या आवाजांवर आत्यांनीही मान हलवली ते त्यात जातात. दिवाळीत तेथे एकोणीस आवाज होते. मागच्या रविवारी आत्यांनी आपल्या शेजारच्या एका वृद्ध बाईंना सोबत आणले, त्यांनी उखाण्यांच्या कॅसेटीतला बारावा आवाज लावताच पदर तोंडाशी धरला आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही तर मीच!" आता अठरा उरले आहेत.