मुळापर्यंत

समीक्षेच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षे एक वाक्य सांगत आलो: "कृतीच्या मुळापर्यंत जा." मूळ म्हणजे नेमके काय, हे मात्र आम्हांला गेल्या वर्षी एका दाढेने विचारले. सहा वर्षांपूर्वी रूट कॅनाल करून, वर कॅप बसवून आम्ही तिला विसरलो होतो. ती पुन्हा ठणकू लागली. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसली.

दाढ काढून टाकणे सोपे होते. आमच्या आईने पन्नाशीच्या आत बहुतेक दाढा अशाच काढल्या आणि पुढे जन्मभर भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. तिची ती वाटी आठवली आणि आम्ही दाढ वाचवायचे ठरवले.

डॉक्टरबाईंनी लेसरचे नाव काढताच आमच्या डोळ्यांपुढे जाळून टाकणारा किरण उभा राहिला. "जाळायचं काही नाही, सर," त्या म्हणाल्या. मुळातली नलिका सरळ नळीसारखी असते, हा आमचा समजही त्यांनी मोडला. झुरिकच्या वाल्टर हेस यांनी १९१७ साली मुळांच्या पोकळीत रबर भरून काढलेल्या ठशांत फाटे आणि जोडवाटा स्पष्ट दिसल्या होत्या. फाइल नावाची बारीक कानस त्या सगळ्या भिंतींना लागतच नाही. जंतू तिथे टिकून राहतात.

जुने गटापर्चा काढून त्यांनी पोकळीत सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण भरले आणि लेसरचे टोक त्यात बुडवले. अर्बियम याग लेसरचा २९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पाणी झपाट्याने शोषून घेते. त्यासरशी बाष्पाचा बुडबुडा फुगतो व मिटतो, आणि त्या हिसक्याने द्रावण आडवाटांत शिरते. आमच्या दाढेत जंतू मारण्याचे मुख्य काम द्रावणाचेच होते. प्रकाशाने त्याला पुढे ढकलले.

"म्हणजे आता जंतू संपले?" आम्ही विचारले.

"संपले असं कुणालाच सांगता येत नाही, सर. पुष्कळ कमी होतात. लेसर फाइलच्या जागी नाही, जोडीला आहे."

वर्षभराने सावली विरळ झाली आहे. श्रेय लेसरचे की नव्याने केलेल्या सफाईचे, हे एका दाढेवरून ठरत नाही. त्या बाजूने आम्ही भाकरी चावतो, एवढे खरे. वर्गात कुणी "मुळापर्यंत पोहोचलो" म्हणाले, की मात्र आम्ही आता विचारतो: "कोणते फाटे राहिले?"