चला नीरेकाठी : लासुर्ण्याहून एक सहल



शाळांना सुट्ट्या लागल्या की घरोघरी एकच विषय निघतो, मुलांना कुठे न्यायचे? टीव्हीवर चीनमधली ली नदी दाखवतात. दोन्ही काठांना सुळक्यांसारखे उभे डोंगर, बांबूचे तराफे, आणि पाळलेल्या पाणकावळ्याकडून मासे धरून घेणारा म्हातारा कोळी. चीनच्या वीस युआनच्या नोटेवर या नदीचे चित्र छापलेले आहे. मुले बघून हरखतात आणि आईबाप खिशाकडे बघतात. पाणकावळ्याची ती मासेमारी आता बहुतेक पर्यटकांना दाखवण्यापुरतीच उरली आहे. आपल्या उजनीच्या पाण्यातला पाणकावळा मात्र अजून स्वतःच्या पोटासाठी बुडी मारतो आणि तो बघायला तिकीट पडत नाही.

सांगायचे असे की, ज्यांचे कुणी पाहुणे-रावळे बारामती-इंदापूर भागात आहेत, त्यांनी या खेपेला नदीकाठाची सहल करावी. मुक्काम लासुर्ण्याला ठेवावा. बारामतीहून इंदापूरकडे निघाले की भवानीनगर, सणसर, बेलवाडी मागे टाकून एस.टी. लासुर्ण्यात येते. महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. तेव्हा आजीला घरी ठेवून जाऊ नये. या सहलीत खरी माहिती तिच्याकडेच निघेल.

लासुर्णे नदीच्या अगदी काठावर नाही. नीरा दक्षिणेला, काही मैलांवर. भोर तालुक्यातल्या सह्याद्रीत उगम पावून ती पूर्वेला येते आणि बारामती-इंदापूरची हद्दच होऊन वाहते. पलीकडच्या काठाला आधी साताऱ्याचे फलटण, मग सोलापूरचे माळशिरस. लासुर्ण्याहून निघताना पहिल्यांदा नदीकडे धावू नका. पहिल्यांदा नीरा डावा कालवा बघा. नदी कशी चालते हे त्याच्यावाचून समजायचे नाही.

या कालव्याच्या कामाला १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात सुरुवात झाली आणि १८८५ साली त्यातून पाणी सुटले. दुष्काळी कामावर माती उपसून पोट भरणाऱ्या माणसांचे हात त्याला लागलेले आहेत. त्यांची नावे कुठल्या पाटीवर नाहीत. इंदापूर हा पावसाच्या छायेतला तालुका. डोंगराकडे धो धो पडतो तेव्हा इथे ढग नुसते तोंड दाखवून जातात. कालव्याच्या वरच्या अंगाला कडबनवाडीसारखी गवताळ राने आहेत, तिथे चिंकारा हरणे फिरतात. कालव्याच्या खालच्या अंगाला ऊस. दोहोंच्या मध्ये फक्त एक पाट. मुलांना हे उभे राहून दाखवावे. भूगोलाच्या धड्यात दहा वेळा वाचून जे डोक्यात शिरत नाही ते इथे पाच मिनिटांत शिरते.

कालव्याला पाणी बारा महिने नसते. ते आवर्तनाने सुटते. पाळी कुणाची, चारीचे दार कधी उघडायचे, हे पाटकऱ्याकडे. रात्री-बेरात्री बॅटरी घेऊन दारे धरायला जाणारा शेतकरी भेटला तर त्याच्याशी बोला. आम्ही कारकून माणसे, जमा-खर्चाच्या वहीत आयुष्य गेले, पण पाण्याची वही त्याहून अवघड आहे. वर भाटघर, वीर, नीरा देवघर, गुंजवणी या धरणांत किती जमा आणि खाली कुणाच्या नावे किती खर्च, यावर इथली पिके, निवडणुका आणि भांडणे चालतात.

जास्त पाण्याचेही एक चित्र आहे. खालच्या पट्ट्यात वर्षानुवर्षे पाणी देऊन काही जमिनी चोपण झाल्या, वर पांढरी खारी फुटली. अशा रानात गवतसुद्धा धड येत नाही. ऊस पाहून भारावलेल्या पाहुण्याला हे रानही दाखवायला हवे. यजमान बहुधा दाखवत नाहीत.

नंतर नदी. उद्धट, चिखली या बाजूला नीरेवर कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. दगडी खांब आणि त्यांच्या खाचांत लोखंडी ढापे. पावसाळा सरला की ढापे बसवतात, पाणी अडते. पावसाळ्याच्या तोंडावर काढून घेतात, नाहीतर पुराने बंधाराच जायचा. म्हणून महिन्यागणिक नदी वेगळी दिसते. दिवाळीनंतर बंधाऱ्यामागे पाणी तुडुंब, कडेला बगळे आणि खंड्या. मे महिन्यात खडक उघडे, कुठेतरी डबके, त्यात गुरे बसलेली. तुम्ही मेमध्ये जाल आणि "नदी कुठाय?" असे विचाराल तर चूक नदीची नव्हे. शक्य असेल तर दिवाळीची सुट्टी किंवा नाताळचा आठवडा धरावा.

पावसाळ्यात मात्र मुलांना काठावर न्यायचेच नाही. इथे आभाळ कोरडे असते आणि वर वीर धरणातून पाणी सोडलेले असते. ऊन पडलेले असतानाही नदी चढते. गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय, आणि तो बरोबर असल्याशिवाय, पाण्यात पाय घालू नये. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला डोह खोल, खाली दगड निसरडे. शहरात तरणतलावात शिकलेले पोहणे इथे उपयोगी पडेल अशा भरवशावर कुणी राहू नये.

हिवाळ्यात गेलात तर ऊसतोड चालू असते. बीड-नगरकडची कुटुंबे रानाकडेला कोप्या घालून राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे थंडीत ती बाई उठते, चूल पेटवते, भाकरी बांधते आणि मोळ्या डोक्यावर घेते. लहान मूल उसाच्या पाचटावर झोपलेले. आपल्या मुलांनी हे पाहावे, पण मोबाईल रोखून फोटो काढत सुटू नये. कोपी हे त्यांचे घर आहे, घरात शिरताना विचारायचे असते. चार शब्द बोलावेत. मुलांची शाळा कुठे, विचारावे. आपल्यातल्या कितीतरी घरांचे आजे-पणजे असेच पोटामागे गाव सोडून निघाले होते.

लासुर्ण्याजवळ जंक्शन नावाचे गाव आहे. नाव जंक्शन, पण आगगाडीची वाट बघू नका. तिथून रस्ता वालचंदनगरला फुटतो. शेठ वालचंद हिराचंद यांनी या माळावर साखरेच्या धंद्याभोवती वसवलेले हे औद्योगिक गाव. इथल्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटचे सांगाडे घडले आहेत. आयटीआयला जायचे म्हणणारा मुलगा घरात असेल तर त्याला हे आवर्जून सांगावे.

एक दिवस जास्त असेल तर संगम बघावा. नीरा जिथे भीमेला मिळते ते नीरा-नरसिंहपूर इंदापूर तालुक्याच्या पार टोकाला आहे. दोन नद्यांचे पाणी, जुना घाट, समोर सोलापूर जिल्हा. वाटेत सराटी लागते. आषाढात तुकाराम महाराजांची पालखी याच बारामती-इंदापूर रस्त्याने येते, बेलवाडीला रिंगण होते आणि सराटीला नीरा ओलांडून ती अकलूजकडे जाते. त्या दिवसांत एस.टी.चे वेळापत्रक कोलमडते, तेव्हा चौकशी करून निघावे.

दुसरी बाजू उजनीची. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले आणि काठची गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने मंदिर उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की वर येते आणि बघायला गर्दी होते. गर्दीतल्या एखाद्या म्हाताऱ्याला "तुमचे घर कुठे होते?" असे विचारा. तो हाताने पाण्याकडे दाखवील. भिगवणकडे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. कुंभारगावचे मच्छीमार नावेतून नेऊन ते दाखवतात. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या मुलांना यातून चार पैसे मिळतात, म्हणून घासाघीस फार करू नये. जेवणात चिलापी किंवा मरळ घ्यावी, भाकरीबरोबर.

मात्र नावेत बसताना जॅकेट मागून घ्यावे. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहाजण बुडाले. त्यांत दोन लहान मुले होती. ते सहलीला निघालेले लोक नव्हते, रोजच्या वाटेने जाणारे होते. जॅकेट नाही म्हणाला तर उतरावे. आभाळ भरून आले असेल तर पैसे दिलेले असले तरी उतरावे. नावाडी रागावेल, रागावू दे.

जाताना पाहुण्यांच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये, आणि चार माणसांचे ओझे एका चुलीवर टाकू नये. पीठ-तेल बरोबर न्यावे किंवा बाजारहाट आपण करावा. येताना निमगाव केतकीच्या पानमळ्यातली विड्याची पाने आजीसाठी घ्यावीत, ओल्या फडक्यात गुंडाळली की ताजी राहतात. शेवटची एस.टी. किती वाजता, ते उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवावे.