डायलला शेवटी विचारा

जुनं घड्याळ पुढे करून माणसं विचारतात, "हे मॉडेल कोणतं हो?" तेव्हा त्यांचं बोट हमखास डायलवर असतं. मी घड्याळ आधी पालथं करतो. आपल्याकडे आज जी जुनी मनगटी घड्याळं हाती येतात, त्यांच्या बाबतीत डायल हा सगळ्यांत कच्चा पुरावा. ती बदलता येते, रंगवता येते, तिच्यावर हवं ते छापून घेता येतं. मागच्या झाकणाचे आणि आतल्या मशीनचे असले लाड सहसा कोणी करत नाही.

सीको फाइव्ह घ्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आखातात नोकरीला गेलेल्या कोकणातल्या कित्येकांनी परतताना हेच घड्याळ आणलं. अशा काही घड्याळांत वार अजूनही इंग्रजीबरोबर अरबीतही दिसतो. 'फाइव्ह' हे १९६३पासूनच्या एका मोठ्या मालिकेचं नाव, ते मॉडेल नव्हे. मॉडेल झाकणावर कोरलेलं असतं, उदाहरणार्थ ७००९-८७६ए. पहिले चार आकडे मशीनचे, पुढचा भाग केसचा. ही जोडी मिळाली की मॉडेल सापडलं. झाकण उघडून मशीनवर तेच चार आकडे आहेत का, एवढं ताडून पाहायचं. नसतील तर दोन घड्याळांचं एक झालंय.

झाकणावर आणखी एक नंबर असतो. सत्तरनंतरच्या घड्याळांत तो सहा आकडी. त्यातला पहिला आकडा सालाचा शेवटचा, दुसरा महिन्याचा. सप्टेंबरपर्यंत १ ते ९, ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबर-डिसेंबरला इंग्रजी एन आणि डी. सालाचा एकच आकडा असल्यामुळे दशक मात्र कळत नाही, आणि इथेच विक्रेते वाटेल ते ठोकून देतात. दशक मशीन सांगतं. ६११९ हे मशीन साठच्या दशकाच्या अखेरीपासून सत्तरच्या मध्यापर्यंतचं, म्हणून त्याच्या झाकणावर सुरुवातीला शून्य असेल तर साल १९७०. ७००९ सत्तरच्या उत्तरार्धात आलं आणि ऐंशीच्या दशकातही बनत राहिलं. तिथे पहिला आकडा ८ असेल तर मी १९७८ किंवा १९८८ अशी दोन्ही सालं सांगतो. गिऱ्हाईक नाराज होतं, होऊ दे.

झाकण उघडायचं हत्यार नसेल तर चावीची परीक्षा घ्या. ६११९ची चावी आत दाबली की तारीख सरकते, आणखी दाबली की वार. ७००९ची चावी एक टप्पा बाहेर ओढून फिरवावी लागते, एका दिशेला तारीख आणि दुसऱ्या दिशेला वार. दोन्ही मशीन चावी देऊन भरत नाहीत, हाताच्या हालचालीवर भरतात. "कितीही चावी द्या, भरतच नाही" म्हणून दुरुस्तीला आलेली सीको बऱ्याचदा ठणठणीत असते.

आता डायल. सहाच्या आकड्याखाली, अगदी कडेला, भिंगाशिवाय न दिसणाऱ्या अक्षरांत 'जपान' आणि एक नंबर छापलेला असतो. त्याचे पहिले चार आकडे मशीनशी जुळायला हवेत. पुढचा भाग डायलचा स्वतःचा असतो, तो केसशी जुळला नाही म्हणून नवखे उगाच घाबरतात. नंबरच गायब असेल, किंवा अक्षरं जाड आणि फिसकटलेली असतील, तर डायल नंतर छापलेली आहे असं समजा. ज्वेलचा आकडाही चुगली करतो. ७००९मध्ये १७ ज्वेल असतात, आणि अशा नंतर छापलेल्या डायलवर दिमाखात २१ लिहिलेले असतात.

नव्याने रंगवलेल्या अशा नारिंगी, पोपटी, आकाशी डायलच्या घड्याळांना जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि नाक मुरडतात. मला या घड्याळांचा सरसकट राग येत नाही. दमट हवेत डायल काळवंडली, अस्सल सुटा भाग मिळेना, तेव्हा कारागिराने ती रंगवून दिली आणि घड्याळ पुन्हा मनगटावर गेलं. त्यात लबाडी नव्हती. तेच घड्याळ आज 'जसंच्या तसं, न वापरलेलं' म्हणून विकतात, ती लबाडी.

एचएमटीशी गाठ पडली की माझा हा नियम लंगडा पडतो. जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या या कारखान्याने घड्याळांना नावं दिली: जनता, पायलट, सोना, कोहिनूर. ही नावं डायलवर, कधी देवनागरीत. जनता आणि पायलट यांच्या पोटात मात्र १७ ज्वेलचं तेच चावीचं मशीन. म्हणजे जनताची डायल उतरवून काळी पायलटची चढवली की झाला पायलट. मशीन खोटं बोलत नाही, पण काही सांगतही नाही. २०१६मध्ये सरकारने कंपनीचा घड्याळ विभाग बंद करायचं ठरवलं, गिऱ्हाइकी वाढली आणि पायलट तर फारच 'सापडू' लागले. इथे छपाईच तपासावी लागते: अक्षरांच्या कडा, मिनिटांच्या रेघा एकसारख्या आहेत का, आणि काट्यांवरचा चमकता रंग डायलवरच्या रंगाइतकाच जुना दिसतो का. काटे पिवळट आणि आकडे पांढरेशुभ्र, अशी जोडी दिसली की मी भिंग खाली ठेवतो.

एक विनंती. घड्याळ दाखवायला आणण्याआधी झाकण घासून चकचकीत करू नका. कोरीव आकडे उथळ असतात, घामाने आधीच झिजलेले असतात, आणि उरलेसुरले पॉलिशमध्ये जातात. मळ असू द्या. तो मी ओल्या काडीने काढेन.