सावकाश होऊ द्या

पोट भरल्याची खूण मला नाकात मिळते. जेवता जेवता एकाएकी नाक ओलं होतं, कधी एखादी शिंक येते, कधी एकच बारीकशी उचकी. समजायचं की झालं, आता हात आवरायचा. त्यानंतरचा घास घेतला तर पुढे जे होतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही, पण लिहायला हरकत नाही. छातीच्या मधोमध पाचर ठोकल्यासारखं काहीतरी घट्ट बसतं. तोंडाला पाणी सुटतं, पण ते भुकेचं नव्हे; दाट, फेसाळ लाळ, आणि ती गिळताही येत नाही कारण खालची वाट बंद. मग ताटावरून उठायचं, बेसिनशी उभं राहायचं, आणि तो घास एकतर खाली सरकेपर्यंत किंवा आल्या वाटेनं परत येईपर्यंत थांबायचं. याला उलटी म्हणवत नाही. आंबट, कडू काही नसतंच, कारण घास जठरात पोचलेलाच नसतो. चावलेली पोळी तशीच्या तशी हातात येते.

माझ्या जठराच्या वरच्या टोकाला सिलिकॉनचा एक पट्टा आहे. लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियांमधला हा गॅस्ट्रिक बँड. पट्ट्याच्या आतल्या अंगाला फुगा, फुग्यातून निघालेली बारीक नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला कातडीखाली शिवलेला पोर्ट. पोर्टात सुई टोचून सलाइन भरलं की फुगा फुगतो आणि वाट अरुंद होते. काढून घेतलं की सैल होते. पोर्ट बोटांना लागतो. जड कुकर उचलायला ओट्यावर वाकले की तो कडेला टेकतो आणि आपण आत आहोत हे कळवतो. दुखत नाही, पण विसरूही देत नाही.

असा कमी-जास्त करता येणारा बँड न्यू जर्सीतल्या ल्युबोमिर कुझमाक या मूळच्या युक्रेनियन शल्यचिकित्सकांनी 1986 साली पहिल्यांदा वापरला. दुर्बिणीतून, पोट न फाडता तो बसवायची सुरुवात 1993 साली बेल्जियममधल्या उई गावात मितिकु बेलाशू यांनी केली. हे बेलाशू मूळचे इथिओपियाचे. आमच्या शाळकरी वयात, 1984-85 च्या सुमारास, इथिओपिया म्हटलं की वर्तमानपत्रातले दुष्काळाचे फोटो डोळ्यांसमोर यायचे आणि ताटात काही टाकलं की आई त्या मुलांची आठवण करून द्यायची. त्याच देशातल्या माणसानं पुढे जास्त खाणाऱ्यांसाठी हा पट्टा पोटात बसवण्याची सोपी रीत घालून दिली, हे मला ऑपरेशननंतर बऱ्याच दिवसांनी कळलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘बघ!’ काय बघायचं ते मात्र तिनं सांगितलं नाही.

ऑपरेशनचं फार सांगण्यासारखं नाही. पोटावर चार-पाच बारीक छेद, डाव्या खांद्यात गॅसची कळ, दुसऱ्या दिवशी चालायला लावणं. मग पातळ आहाराचे आठवडे: ताक, डाळीचं पाणी, मुगाचं कढण, नाचणीची आंबील. तेही सोपं गेलं, कारण बँड अजून रिकामा होता आणि उत्साह भरलेला होता. खरं प्रकरण सुरू झालं ते पहिल्यांदा सलाइन भरल्यावर.

आहारतज्ज्ञांनी छापील तक्ता दिला होता. त्यात ग्रिल्ड फिश होतं, मॅश्ड पोटॅटो होता, भाकरी नव्हती. त्यामुळे आपल्या स्वयंपाकघरातलं काय जातं आणि काय जात नाही याचा शोध माझा मीच लावला. मऊ, ताजी, पापुद्रे सुटलेली पोळी, जिची सगळे तारीफ करतात, ती सगळ्यांत वाईट. चावता चावता तिची पुन्हा कणीकच होते आणि तो गोळा वाटेत बसतो. ताज्या ब्रेडचंही तेच. उलट कडक खाकरा तुकडे होऊन सरळ खाली जातो. मोकळा भात अडतो, गुरगुट्या भात मेतकूट-तूप घालून जातो. भाकरी कुस्करून आमटीत बुडवली आणि तिला जरा वेळ दिला तर जाते. साबुदाण्याची खिचडी म्हणजे खळच. त्यामुळे एकादशीला माझ्या वाट्याला खराखुरा उपास येतो. आणि यातलं जे दुपारी जातं ते सकाळी जाईलच असं नाही. का कोण जाणे, सकाळी वाट आवळलेली असते. आधी कपभर गरम पाणी घेतलं की थोडी मोकळी होते.

आता गंमत पाहा. पुरी अडते, आमरस जातो. पोळी अडते, बासुंदी जाते. श्रीखंड, आइस्क्रीम, गुळाचा पाक, लोण्यासारखं जे जे घसरतं त्याला बँड हात जोडून वाट देतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. ज्या पदार्थांनी माझं वजन वाढवलं त्यांना मोकळीक, आणि नाकासमोर चालणारी ज्वारीची भाकरी मात्र दाराशी उभी. शस्त्रक्रिया झाली म्हणजे संयम आपोआप पोटात बसला, असं ज्यांना वाटतं त्यांनी मे महिन्यात बँडवाल्या बाईसमोर आमरसाची वाटी ठेवून बघावी.

अष्टांगहृदयात वाग्भटानं जठराचे चार भाग कल्पिले आहेत: दोन अन्नाला, एक पाण्याला, एक वायूला मोकळा. माझ्या वाटपात पाण्याला जेवताना जागाच नाही. घास आणि घोट बरोबर घ्यायचे नाहीत, कारण पाण्यानं अन्न लवकर वाहून जातं आणि पुन्हा भूक लागते. शिवाय काही अडलेलं असलं तर वरून घेतलेलं पाणीही परत येतं. ताटाच्या उजवीकडे तांब्या-भांडं ठेवायची सवय हाताला इतकी जुनी आहे की पहिले महिने मी भांडं भरून घ्यायची आणि नुसतं बघायची. जेवणाचा शेवट ताकभातानं करणाऱ्या माणसाला हे जड जातं.

पण सगळ्यांत अवघड गेलं ते थांबणं. पूर्वी समजूत अशी होती की पट्ट्याच्या वर एक चिमुकली पिशवी होते, ती भरते आणि हळूहळू झिरपते. मेलबर्नचे शल्यचिकित्सक पॉल ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळं सांगितलं: अन्न तिथे साठून राहायलाच नको. अन्ननलिका एकेक घास दाबून दाबून पट्ट्यातून पलीकडे ढकलते, त्याला मिनिटभर लागू शकतं, आणि त्या दाबानंच भूक शमल्याचा निरोप मेंदूला जातो. म्हणून बारीक घास, भरपूर चावणं, गिळणं, आणि मग पुढचा घास हातात न घेता एक मिनिट नुसतं बसणं. वाचायला सोपं वाटतं. मी शाळेत शिकवते. मधली सुट्टी कागदावर अर्ध्या तासाची. त्यातून वही घेऊन उभी असलेली मुलं आणि हेडबाईंची हाक वजा केली की डब्याला उरतात दहा-बारा मिनिटं. म्हणजे दहा-बारा घास. आमच्या स्टाफरूममध्ये जेवण म्हणजे सहा डबे उघडायचे, सगळ्यांचं सगळ्यांनी चाखायचं आणि घंटेच्या आत झाकणं लावायची. त्या गडबडीत एक बाई हात मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत बसली आहे, हे दृश्य लोकांना बघवत नाही. ‘काय झालं? बरं नाही का?’ त्यांना उत्तर द्यायला तोंड उघडावं, तर बोलताना हवा गिळली जाते आणि तीही अडते.

सांगलीला मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. हौसेनं जमिनीवर पंगत मांडलेली, केळीची पानं, रांगोळ्या. यजमान हात जोडून म्हणाले, सावकाश होऊ द्या. ही सूचना त्या मांडवात शब्दशः पाळणारी मी एकटीच असेन. मसालेभाताची चार शितं गिळून मी थांबले होते, तोवर वाढपी जिलबी घेऊन दोनदा येऊन गेला. पान भरलेलं बघून मावशी उठून आली. ‘एवढंसं जेवतेस? मग ही तब्येत कशावर?’ तब्येत म्हणजे आपल्याकडे वजन. मी म्हटलं, अॅसिडिटी आहे. तिनं मठ्ठ्याची वाटी पुढे केली. अॅसिडिटी, उपास, दाढ दुखते, घरून खाऊन आले: अशी कारणं माझ्याकडे तयार असतात. खरं का सांगत नाही? सांगून पाहिलं आहे. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला कोणी नैतिकतेचे धडे देत नाही. पण वजनासाठी ऑपरेशन म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर लगेच उमटतं की हिला जिभेवर ताबा ठेवता आला नाही म्हणून पोट बांधून घ्यावं लागलं. मग सूर्यनमस्कारांची महती ऐकावी लागते. ऐकवणाऱ्यानं स्वतः शेवटचा नमस्कार कधी घातला हे विचारायची सोय नसते.

आग्रह ही आपल्याकडे प्रेमाची भाषा आहे हे मला मान्य आहे. पण त्या भाषेत ‘नको’ला अर्थच नसतो; पहिलं नको म्हणजे संकोच, दुसरं म्हणजे रीत, तिसऱ्याला वाढतातच. मी उभा जन्म असं तिसरं नको म्हणत आणि वाढून घेत काढला. बँडनं माझ्या वतीनं जे नको म्हटलं ते मात्र खरोखर नको होतं. त्याला भीड नाही, नातं नाही, मावशी नाही. एका परीनं मला त्याचा आधार वाटला. पण वाढणाऱ्याला तो दिसत नाही. मोडलेल्या हाताला प्लास्टर असतं, लोक खुर्ची देतात. आतल्या पट्ट्याला कोण काय देणार?

घरात वेगळाच पेच झाला. लग्न झाल्यापासून शेवटी जेवायचं आणि उरलेलं संपवायचं हे माझ्याकडे आलेलं होतं. कोणी दिलं नव्हतं, पण आलं होतं. मुलाच्या ताटातली अर्धी पोळी, कढईच्या तळाशी राहिलेली भाजी, फ्रिजमध्ये ठेवण्याइतका नाही आणि टाकण्याइतकाही नाही असा भात. अन्न टाकायचं नाही, हे घरात सगळे म्हणायचे. ते प्रत्यक्षात आणायला जागा एकच होती, माझं पोट. बँडनंतर पहिल्याच आठवड्यात ओट्यावर उरलेल्याच्या वाट्या साचायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, हल्ली अन्न फार वाया जातं. नवऱ्यानं हिशेब केल्यासारखं त्या वाट्यांकडे पाहिलं आणि बहुधा तेव्हाच त्याच्या लक्षात आलं की इतकी वर्षं हे कुठे जात होतं. दुसऱ्या दिवसापासून तांदूळ एक मूठ कमी पडू लागले. माझ्या वजनाची कारणं डॉक्टरांनी लिहून घेतली तेव्हा आनुवंशिकता होती, थायरॉइड होतं, व्यायामाचा अभाव होता. कढईचा तळ त्या फॉर्ममध्ये नव्हता.

वजन उतरलं, साखर ताब्यात आली, गुडघे जिना चढू लागले. हे सगळं खरं आहे आणि त्यासाठी मी पुन्हाही हेच केलं असतं. तरी एक गोष्ट गेली. रविवारी दुपारी मटणाचा रस्सा, भाकरी, भात असं पोटभर जेवून, कमरेचं सैल करून, पंख्याखाली आडवं पडल्यावर अंगभर पसरायचं ते जडत्व. आता भूक थांबते, पण तो भार येत नाही. जेवण संपतं, जेवलो असं वाटत नाही. चवीची आठवण मला फारशी येत नाही, चव तर आता दुप्पट कळते, मिनिटभर एकच घास तोंडात असतो. आठवण येते ती त्या सुस्तीची. हे मी स्थूलपणाच्या दवाखान्यात बोलले तर वहीत काहीतरी वेगळं लिहिलं जाईल, म्हणून बोलत नाही.

आता बँड मागे पडला आहे. जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची नळी करायची ती स्लीव्हची शस्त्रक्रिया सर्रास होते, आणि बसवलेले बरेच बँड घसरल्यामुळे, रुतल्यामुळे किंवा वजन न उतरल्यामुळे काढावे लागले आहेत. तरुण डॉक्टर माझा एक्स-रे जुन्या बनावटीच्या रेडिओकडे बघावं तसा कौतुकानं बघतात.

मध्यंतरी रात्री आडवं झालं की घशाशी येऊ लागलं, खोकला लागला. बेरियम पाजून तपासलं. बँड जागेवर होता, पण अन्ननलिकेला विश्रांती हवी म्हणून डॉक्टरांनी सगळं सलाइन काढून टाकलं. इतक्या वर्षांत हळू जेवायची सवय लागली असेल, फारसा फरक पडणार नाही, असा माझा होरा होता. हळू जेवणं राहिलं. पण आठवडाभरात अकरा वाजता ती जुनी भूक आली, पोटात कालवणारी, शिकवता शिकवता फळा पुसट करणारी. म्हणजे माझ्या संयमातला माझा वाटा केवढा आणि त्या चार-पाच मिलिलिटर मिठाच्या पाण्याचा केवढा, हे मला नीटच मोजून मिळालं. तेव्हापासून कोणा जाड माणसाला ‘जरा तोंड आवर’ म्हणणाऱ्याचं मला हसूही येत नाही.

खोकला गेल्यावर पुन्हा भरायला गेले. टेबलावर आडवी पडले, पोर्टवर डॉक्टरांचं बोट, हातात सुई. मी म्हटलं, पूर्वीइतकं नको, अर्धा मिलिलिटर कमी भरा. ते म्हणाले, वजन वाढेल. मी म्हटलं, दोन-तीन किलो वाढू द्या, मला दुपारी भाकरी खायची आहे, बेसिनशी उभं न राहता. त्यांनी माझ्याकडे, मग सिरिंजकडे पाहिलं आणि तेवढंच भरलं. मग उठवून बसवलं आणि घोटभर पाणी प्यायला दिलं, उतरतं का ते बघायला. उतरलं. वजन दोन किलो वाढलं आहे. भाकरी जाते, चतकोर, आमटीत भिजवून, दुपारनंतर. पोळी अजून जात नाही.