सागाच्या फळीचा माग

बेळगावची टिळकवाडी मागे टाकून खानापूरच्या रस्त्याला लागले की उद्यमबाग येते. नावात बाग असली तरी येथे पिकते ते लोखंड. ओतशाळा आणि लेथयंत्रांच्या या वसाहतीचा अरण्याशी काय संबंध, असे नवख्यास वाटेल. परंतु वाळूत साचा उठवायचा तर आधी त्या यंत्रभागाची प्रतिकृती लागते. कारागीर तिला पॅटर्न म्हणतात. आता ॲल्युमिनियमचेही पॅटर्न होतात, तरी सागाचा मान सरलेला नाही. कारण मुरलेला साग सहसा वाकत नाही. अशाच एका फळीचा माग काढीत आम्ही पुढे निघालो.

पिरनवाडी, मच्छे, देसूर ही गावे मागे पडतात आणि खानापुरास मलप्रभा भेटते. तिचा उगम याच तालुक्यात, कणकुंबीस. पश्चिमेला साग, ऐन, किंजळ, जांभा यांचे दाट रान सह्याद्रीला भिडलेले आहे. गोव्याची म्हादईही येथल्याच डोंगरांतून निघते. हे रान टिकले ते केवळ दैवाने नव्हे.

मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन पहिले वनसंरक्षक झाले. झाडे तुटली की ओढे आटतात, हे त्यांनी सरकारच्या ध्यानी आणून दिले. सरकारला मात्र पाण्याइतकीच जहाजांच्या आणि पुढे रेल्वेच्या लाकडाची चिंता होती. राखीव वनांच्या सीमा आखल्या गेल्या; डोंगरातील कुमरी शेतीवर आणि गुरांच्या चराईवर बंधने आली. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढले ते उगाच नव्हे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. पुढे १९६३ चा वनकायदा, १९७६ चा वृक्षसंरक्षण कायदा आणि १९८० चा केंद्राचा वनसंवर्धन कायदा असे एकामागून एक बंध पडले. निलंबूरच्या टी. एन. गोदावर्मन थिरुमुलपाड यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी आदेश दिला, की मंजूर कार्य-आयोजनेवाचून कोणत्याही वनात तोड होऊ नये. जमिनीचा मालक कोणीही असो, वन ते वनच. सॉ-मिलनाही लगाम बसला. २०११ साली भीमगडाचा परिसर अभयारण्य ठरला.

या कडक बंधनांचे ऋण आपण मानलेच पाहिजे. नद्यांचे उगम त्यांनीच राखले. पण कायद्याची खरी कसोटी लागते ती शेताच्या बांधावर. स्वतः लावलेला साग तोडायचा तर आधी वृक्ष-अधिकाऱ्याची अनुमती आणि मग लाकूड हलविण्यासाठी वाहतुकीचा परवाना हवा. निलगिरी, सुरू, सुबाभूळ अशा झाडांना तोडीच्या अनुमतीतून सूट आहे, सागाला नाही. हेतू उघड आहे : बांधावरच्या सागाच्या नावाखाली रानातला साग बाहेर पडू नये. मात्र हेलपाट्यांना कंटाळलेला लहान शेतकरी एक तर उभे झाड ठेकेदाराला मिळेल त्या भावाने देऊन टाकतो, नाही तर पुन्हा साग लावीतच नाही. बांध असे सागावाचून राहिले तर लाकडाची भूक शेवटी रानाकडेच वळणार.

म्हणून चोराला नाका अडसर व्हावा आणि लावणाऱ्याला वाट मोकळी असावी, एवढा विवेक अंमलबजावणीत हवा. ज्या वाचकांची वडिलोपार्जित शेती या भागात आहे आणि जे स्वतः दूरदेशी राहतात, त्यांना आमची एक विनंती. ‘कागदपत्रे आम्ही पाहू’ या ठेकेदाराच्या शब्दावर विसंबू नका. परवान्यावाचून निघालेले लाकूड जप्त होते आणि गाडीही अडकते. अनुमती आपल्या नावे रीतसर घ्या, आणि एक साग काढाल तेथे दोन लावा. साग एका पिढीने लावायचा आणि पुढच्या पिढीने तोडायचा, हा या मातीचा हिशेब आहे.