कुपन परत येतं तेव्हा

कुपनांच्या योजनेचं बजेट मांडायला बसलं की छपाई, पेपरमधली जागा, वाटप हे आकडे भराभर ठरतात. माझा वेळ जातो तो एकाच प्रश्नात: शंभरातली किती कुपनं परत येतील? पेपरमधून कापलेली फार थोडी येतात. पाकिटातलं कुपन मात्र आपलाच साबण, आपलाच चहा वापरणाऱ्या घरात आधीच पोचलेलं असतं. ते जास्त परत येतं, पण सूट बहुधा तसंही तेच पाकीट घेणाऱ्या गिऱ्हाइकाला मिळते.

खरी गोम तिथेच आहे. समजा, १० रुपये सुटीची १ लाख कुपनं वाटली आणि शंभरात ५ परत आली. सुटीचे ५० हजार, दुकानदाराला कुपनामागे रुपया म्हणून ५ हजार, छपाई-वाटपाचे ४५ हजार. झाले १ लाख. कुपन आणणाऱ्या ५ हजारांतले ३ हजार जण सुटीशिवायही घेणारे असतील, तर नवी विक्री उरली २ हजार पाकिटांची. एका नव्या पाकिटामागे ५० रुपये! गिऱ्हाईक वर्षभर टिकणार असेल तरच हे परवडतं. हा आकडा पाहून मी काही योजना कागदावरच थांबवल्या, आणि त्याचं मला समाधान आहे.

आणि शंभरात १५ आली तर? तेवढेही पैसे बाजूला हवेत. लोक येणार नाहीत या भरवशावर योजना आखणं मला अप्रामाणिक वाटतं. १९९२ साली ब्रिटनमध्ये हूवर कंपनीने १०० पौंडांच्या खरेदीवर अमेरिकेची दोन विमान तिकिटं देऊ केली. अटी आणि अर्जांना कंटाळून बहुतेक जण नाद सोडतील, असा हिशेब होता. लोकांनी सोडला नाही. सुमारे ५ कोटी पौंडांचा खड्डा पडला, ग्राहक कोर्टात गेले, आणि १९९५ मध्ये हूवरचा युरोपातला धंदा इटलीच्या कँडी कंपनीला विकला गेला.

आपल्याकडे पहिला भार उचलतो किराणा दुकानदार. ते १० रुपये तो स्वतःच्या गल्ल्यातून सोडतो. वितरकाकडे क्लेम जाऊन, तपासणी होऊन ते परत यायला महिने लागतात. एकदा पैसे अडकले की पुढच्या वेळी तो गिऱ्हाइकाला सरळ सांगतो, ‘कुपन चालत नाही,’ आणि जाहिरातीचा सगळा खर्च त्या काउंटरवर संपतो. म्हणून कुपनाची मुदत संपली तरी क्लेमचं खातं लगेच बंद करू नका, आणि छपाईची ऑर्डर देण्याआधी दुकानदाराचे पैसे वेगळे काढून ठेवा.