आपल्या समुद्रात नसलेला मासा

पोर्तुगीज म्हटले की आपल्याला वसईचा किल्ला आठवतो. यंदा प्रत्यक्ष पोर्तुगालमध्ये अवेरू, ईल्यवू, गाफान्या द नाझारे असा मोटारीने छोटासा प्रवास केला, तो बाकल्याउसाठी. बाकल्याउ म्हणजे खारवून वाळवलेला कॉड, तिथले जणू राष्ट्रीय अन्न. पण हा मासा त्यांच्या समुद्रात मिळतच नाही! तो न्यूफाउंडलंड, ग्रीनलंडजवळून आणावा लागे.

ईल्यवूच्या सागरी संग्रहालयात ‘डोरी’ पाहिली. एका माणसापुरती सपाट तळाची होडी. जहाजावरून अशा अनेक होड्या सोडत. प्रत्येकीत एकटा कोळी, भोवती धुके आणि गळांची लांब दोरी. सालाझारच्या राजवटीने १९३०च्या दशकापासून या धंद्याला बळ दिले, कोळ्यांना राष्ट्रवीर ठरवले. (आपल्या सुक्या बोंबलाला असे राजकीय भाग्य लाभले नाही.) त्या गौरवगाथेपेक्षा मला एक सवलत अधिक बोलकी वाटते: ठरावीक मोहिमा केल्यास सक्तीची लष्करी सेवा माफ होई. १९६१ नंतर आफ्रिकेत वसाहतयुद्धे पेटली, तेव्हा कित्येक तरुणांनी रणांगणाऐवजी हिमसागर पत्करला. त्याला केवळ शौर्य कसे म्हणावे?

गाफान्यात कॉड खारवण्याचे कारखाने आजही चालतात. दुपारी तिथेच ‘बाकल्याउ आ ब्राश’ जेवलो: कॉडचा कीस, अंडे आणि बटाटा. बटाटा हा शब्द आपण त्यांच्याकडूनच घेतला. मासा मात्र नॉर्वेचा होता.